यवतमाळ जिल्ह्यातील माताभगिनींस व त्यांच्या कुटुंबीयांस जाहीर आवाहन

आपल्या जिल्ह्यातील स्त्री, मग ती वणीकडील असो वा उमरखेडकडील, कोलामांच्या पोडावरील असो वा बंजाऱ्यांच्या तांड्यावरील, स्वतःचे दुखणे अंगावर काढीत आली आहे. आणि जोवर हातपाय चालतात तोवर दवाखान्याची पायरी चढण्याचे प्रयोजन तिला दिसत नाही. इतर व्याधींत ही सहनशीलता कदाचित निभावून जात असेल. परंतु कर्करोग ज्या अवस्थेत सर्वांत सहज बरा होतो, नेमका त्याच अवस्थेत तो बहुधा दुखत नाही. म्हणून तीस वर्षांवरील प्रत्येक भगिनीस आमची कळकळीची विनंती आहे की, आपण निरोगी असतानाच तपासणीस जावे.

गर्भाशयमुखाचा कर्करोग हा एचपीव्ही नामक विषाणूच्या दीर्घकाळ टिकून राहिलेल्या संसर्गातून उद्भवतो. हा संसर्ग इतका सर्वसाधारण आहे की, तो कोणाच्याही शीलावरील डाग मानणे हा निव्वळ अन्याय होय. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून तो आपोआप नाहीसा होतो. काहींत मात्र तो ठाण मांडतो, आणि त्यानंतरही प्रत्यक्ष कर्करोग होण्यास बहुधा पंधरा-वीस वर्षांची मुदत जाते. एवढी प्रदीर्घ सवड देणारा रोगही आपल्या भगिनींचे प्राण घेतो, कारण ती सवड आपण वाया दवडतो. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी एकदा तरी झालेल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रिया देशात शेकडा दोनदेखील आढळल्या नाहीत.

तपासणीने प्राण वाचतात, याचा पुरावा आपल्याच मराठी मुलखाने जगाला दिला आहे. त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या व बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने १९९९ पासून सुमारे १ लाख ३१ हजार निरोगी ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार, ज्या गटास एचपीव्हीची तपासणी केवळ एकदा उपलब्ध झाली, त्या गटात या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. त्या स्त्रिया आपल्यासारख्याच, कोरडवाहू मुलखात राबणाऱ्या होत्या.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील दुसऱ्या अभ्यासात, अल्पकाळ प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी गर्भाशयमुखास सौम्य ॲसेटिक आम्ल लावून, पांढरे पडणारे भाग नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची साधी पद्धत दर दोन वर्षांनी अवलंबिली, आणि मृत्यूंचे प्रमाण शेकडा ३१ ने घटले. धाराशिवात मात्र हीच आम्लाची तपासणी एकदाच झाली असता मृत्यू लक्षणीय घटले नव्हते. यास्तव एकदा जाऊन निश्चिंत होऊ नये, सांगितलेल्या मुदतीने पुन्हा जावे.

या तपासणीस काही मिनिटे लागतात. चिरफाड नाही, भूल नाही. तीत दोष आढळला म्हणजे कर्करोगच झाला, असेही नव्हे. तो रोगापूर्वीचा बदल असू शकतो, आणि तसा असल्यास पुष्कळदा तेवढा भाग गोठवून वा उष्णतेने नष्ट करून भावी संकट टाळता येते. गर्भाशयमुखाप्रमाणेच स्तनांचीही तपासणी करून घ्यावी; ती आरोग्यसेविका वा डॉक्टर हाताने करतात. खर्रा किंवा तंबाखू खाणाऱ्या भगिनींनी तोंडाची तपासणीही अवश्य करून घ्यावी.

पुढील लक्षणे दिसल्यास मात्र तपासणीच्या दिवसाची वाट न पाहता तत्काळ दवाखाना गाठावा: स्तनात किंवा काखेत न दुखणारी गाठ, स्तनाची त्वचा आत ओढली जाणे, स्तनाग्रातून रक्त येणे, पाळी कायमची गेल्यावर किंवा शरीरसंबंधानंतर रक्तस्राव, अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाणे, तोंडातील दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा.

सरकारी कार्यक्रमानुसार तीस वर्षांवरील स्त्रियांची कर्करोगाची तपासणी दर पाच वर्षांनी विनामूल्य करण्याची तजवीज आहे. आपल्या गावच्या आशाताईंकडे, उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तिचा दिवस विचारावा. पुढील तपासासाठी यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे. आणि महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा अंतर्भाव असल्याने, केवळ खर्चाच्या धास्तीने कोणी घरी बसून राहू नये.

आता एक शब्द घरच्या पुरुषमंडळींस. सीतादहीची पूजा होऊन कापूस वेचणीस एकदा आरंभ झाला की, बाईच्या एका दिवसाचा खाडा घरास परवडत नाही, हे आम्ही जाणतो. म्हणूनच हंगामापूर्वीच एक दिवस तिच्यासाठी राखून ठेवावा, आणि पती, पुत्र किंवा बंधू यांपैकी कोणी तरी सोबत जावे. शेतमालकांनी त्या दिवसाची मजुरी कापू नये. सरपंचांनी व बचतगटांच्या अध्यक्षांनी तीस वर्षांवरील स्त्रियांची यादी करून, त्यांना आरोग्य केंद्रापर्यंत नेण्या-आणण्याचा बंदोबस्त करावा. ज्यांना वाचता येते त्यांनी हे आवाहन इतरांस वाचून दाखवावे. आणि जी भगिनी तपासणी करून येईल, तिने पुढल्या खेपेस आपल्या शेजारणीस सोबत न्यावे, एवढीच प्रार्थना आहे. कळावे.

आपले नम्र,
यवतमाळ जिल्ह्यातील आरोग्यहितैषी नागरिक