स्कूबाची साधने : कागलच्या यंत्रशाळांना वाव किती?

कोल्हापूर, प्रतिनिधी – कागल पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रीच्या भट्ट्या आणि सीएनसी यंत्रांची अखंड घरघर यांचा समुद्राच्या तळाशी काय संबंध, असा प्रश्न कोणालाही पडावा. समुद्र येथून घाटाखाली, दीडशे किलोमीटरांच्या आसपास. पण फोंडाघाट उतरून मालवण-तारकर्ली गाठणाऱ्या पर्यटकांत कोल्हापूर परिसरातील मंडळी मोठ्या संख्येने असतात आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली एकदा डोकावून आलेल्यांपैकी काही जण पुढे रीतसर प्रशिक्षण घेऊन स्वतःची साधने विकत घेण्याच्या विचारापर्यंत पोहोचतात. गोंधळ सुरू होतो तो तेथेच.

या गोंधळाला आता निव्वळ छंदापलीकडचे महत्त्व आले आहे. नौदलाने जानेवारी 2024 मध्ये सेवेतून निवृत्त केलेली 'आयएनएस गुलदार' ही नौका निवतीजवळ समुद्रतळाशी ठेवून तेथे पाण्याखालील संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभित्ती उभारण्याचा प्रकल्प महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने हाती घेतला. विजयदुर्गापासून सुमारे शंभर किलोमीटर आत खोल समुद्रात असलेल्या आंग्रिया बँकेच्या प्रवाळांचे आकर्षणही जाणकारांना आहेच. प्रशिक्षकाच्या हाताला धरून आठ-दहा मीटर खाली जाणे वेगळे आणि बुडालेल्या जहाजाच्या दारे-खिडक्यांजवळून स्वतःच्या हिमतीवर पोहणे वेगळे. लोखंडी सांगाड्याच्या सान्निध्यात लोंबणारी प्रत्येक नळी, प्रत्येक दोरी अडकण्याची शक्यता घेऊनच खाली जात असते.

कागलच्या कामगाराला हे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. लेथच्या फिरत्या चकाजवळ सैल बाही नको, गळ्यात उपरणे नको, हा नियम त्याने पहिल्याच दिवशी ऐकलेला असतो. अमेरिकेत फ्लोरिडाच्या जलमय गुहांत शिरणाऱ्या पाणबुड्यांनी हाच नियम स्वतःच्या अनुभवातून शोधला. तेथे शेक एक्स्ली याने 1979 साली गुहांतील अपघातांचा अभ्यास करून सुरक्षिततेची सूत्रे मांडली. पुढे विल्यम हॉगार्थ मेन या पाणबुड्याच्या नावाने ओळखली जाणारी साधनांची अत्यंत सुटी, नेटकी मांडणी रूढ झाली. आवश्यक नसेल ते नेऊ नका, नेलेले लोंबू देऊ नका आणि प्रत्येक वस्तूची जागा डोळे मिटूनही हाताला सापडली पाहिजे, एवढाच तिचा आशय. पाठीशी धातूची एक पट्टी, तिच्यातून ओवलेला एकसंध पट्टा, मागे हवेची पिशवी. सुमारे दोन मीटर लांबीच्या नळीवरचा मुख्य रेग्युलेटर तोंडात आणि पर्यायी रेग्युलेटर लवचीक दोरीने हनुवटीखाली. सोबत्याची हवा संपली तर तोंडातलाच, चालू असल्याची खात्री असलेला रेग्युलेटर त्याला द्यायचा. या पद्धतीच्या काही पुरस्कर्त्यांनी पुढे तिला जवळजवळ सोवळ्याचे रूप दिले, हा भाग अलाहिदा. पण मूळ विचार आजही खोडून काढता आलेला नाही.

त्यामागे श्वासाचा सरळ हिशेब आहे. पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर हवा लागणाऱ्या माणसाला 30 मीटर खोलीवर, जेथे दाब चौपट होतो, 80 लिटर लागते. प्रचलित ॲल्युमिनियमच्या 11 लिटर टाकीत 200 बार दाबाने सुमारे 2,200 लिटर हवा मावते. परतीसाठी 50 बार राखून ठेवले, तर त्या खोलीवर वीसएक मिनिटेच हाती उरतात. त्यातच अंगावर पिशव्या, खिसे, लटकती खेळणी वागवत पोहणाऱ्याला पाण्याचा विरोध अधिक होतो, दम लागतो आणि वीस मिनिटांची पंधरा होतात. हवाही वजनदार असते. वरील टाकी रिकामी होत आली की अडीच किलोहून अधिक भार कमी झालेला असतो आणि टाकी स्वतःच तरंगू पाहते. त्यामुळे शिशाची वजने किती घ्यायची, हे टाकी भरलेली असताना ठरवणे चूक. ती जवळजवळ रिकामी असतानाही पाच मीटरवर स्थिर राहता आले पाहिजे. अनेक नवशिके याच्या उलट, दोन-चार किलो जादा बांधून मोकळे होतात आणि नंतर पोहण्यात कष्ट का पडतात म्हणून अधिक महागडे पंखे विकत घेतात.

हौशी पाणबुड्याने सुरुवात कोठून करावी? मुखवट्यापासून. तो पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवून नाकाने हलका श्वास आत ओढला असता जागेवर चिकटून राहिला पाहिजे. किमतीचा आणि या कसोटीचा काही संबंध नाही. त्यानंतर पायातले पंखे, मग डायव्ह कॉम्प्युटर. आपल्या किनाऱ्याच्या उबदार पाण्यात तीन मिलिमीटरचा पोशाख पुरेसा होतो. युरोपातील थंड पाण्यासाठी बनवलेला जाड पोशाख घेतला, की त्याला बुडवण्यासाठी पुन्हा शिसे आलेच. रेग्युलेटर घेताना सुटे भाग आणि दुरुस्ती करणारा तंत्रज्ञ आपल्या देशात मिळतो की नाही, हे आधी पाहावे. मिळत नसेल तर ते उत्कृष्ट यंत्र दोन वर्षांत शोभेची वस्तू ठरते.

तांत्रिक डायव्हिंगमध्ये मात्र 'कमी' या शब्दाचा अर्थ बदलतो. चाळीस मीटरांपलीकडे किंवा टप्प्याटप्प्याने थांबूनच वर येता येईल अशा बुडीत दोन टाक्या, दोन स्वतंत्र रेग्युलेटर आणि एकाहून अधिक विजेऱ्या हा भार नसतो, विमा असतो. सुटसुटीतपणाच्या नावाखाली पर्यायी रेग्युलेटरच काढून टाकणारे महाभाग या विचाराचा सोयीस्कर अर्थ लावतात.

आता कागलचा प्रश्न. वर वर्णन केलेली पाठपट्टी म्हणजे तीन मिलिमीटर जाडीचा स्टेनलेस स्टीलचा पत्रा. लेझरने कापलेला, प्रेसवर दोन-तीन ठिकाणी वाकवलेला, मध्यरेषेवर 28 सेंटिमीटर अंतरावर दोन भोके पाडलेला. तिच्या कडा घासून गुळगुळीत करणे हेच त्यातले मोठे काम. अशी पट्टी येथील कोणतीही फॅब्रिकेशन यंत्रशाळा एका पाळीत शेकड्याने काढू शकेल. टाक्यांचे पट्टे, डी-आकाराच्या कड्या, पितळी आकडे, शिशाची वजने यांचेही तेच. ऑइल इंजिनांच्या काळापासून ओतकाम आणि टर्निंगचा वारसा असलेल्या या जिल्ह्याला ही कामे म्हणजे हातचा मळ. तरीही या वस्तू परदेशातून मागवून वाहतूक आणि सीमाशुल्कासह घ्याव्या लागणे, हे खटकणारे आहे.

तथापि, उत्साहाला येथेच आवर घालावा लागतो. रेग्युलेटरचे अंग क्रोम चढवलेल्या पितळेचे असते आणि तसे अंग कागलमध्ये कोरता येणे अवघड नाही. अवघड आहे ते 200 बारचा दाब आधी सभोवतालच्या दाबापेक्षा सुमारे दहा बार अधिक इतका आणि मग थेट श्वासाच्या पातळीवर, हजारो वेळा, न चुकता उतरवणे. त्यासाठी युरोपात ईएन 250 हे मानक आहे. अशा चाचणीवाचूनच्या यंत्रावर कोणी जीव टाकू नये. टाक्यांच्या बाबतीत गॅस सिलिंडर नियम, 2016 लागू होतात आणि नागपुरात मुख्यालय असलेल्या 'पेसो'ची मान्यता लागते. शिवाय मागणीचे गणित आहेच. वाहनउद्योगाला महिन्याला हजारोंनी सुटे भाग पुरवणारा कारखानदार वर्षाकाठी काही शे पाठपट्ट्यांसाठी वेगळी मांडणी का करील? लहान जॉबवर्क करणाऱ्याला मात्र ते परवडू शकते, आणि स्टीलच्या प्रतीत, म्हणजे खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या 316 ऐवजी दुसरेच काही वापरण्यात, त्याने काटकसर केली नाही तर मालवणातल्या केंद्रांच्या रूपाने गिऱ्हाईक घाटाखालीच आहे.

तारकर्लीजवळ 24 मे 2022 रोजी स्कूबाहून परतणारी पर्यटकांची होडी उलटून दोघांचा मृत्यू झाला, तेव्हा चर्चा साहजिकच होडी, परवाने आणि लाइफ जॅकेट यांची झाली. पाण्याखालच्या साधनांकडे तेवढ्या बारकाईने अजून पाहिले जात नाही. टाकीवरील चाचणीचा शिक्का कोणत्या तारखेचा, रेग्युलेटर शेवटचा उघडून साफ केव्हा केला, प्रशिक्षकाकडे दुसरा रेग्युलेटर आहे का, हे तीन प्रश्न होडीत बसण्यापूर्वी विचारण्यास पर्यटकाला पैसे पडत नाहीत. पावसाळ्यात समुद्र बंद असतो. केंद्रचालकांना साधने दुरुस्तीला काढण्यासाठी आणि कागलच्या एखाद्या जॉबवर्कवाल्याला नमुन्याची पाठपट्टी पाठवून दर विचारण्यासाठी ते तीन महिने मोकळे असतात.