वाकडे पाऊल आणि वाया जाणारे आठवडे

टाच वर ओढलेली, तळवा आत वळलेला आणि पावलाचा पुढचा भाग आतल्या बाजूला झुकलेला, अशा जन्मजात वाकड्या पावलाविषयी, म्हणजे ‘क्लबफूट’विषयी, शिरोळ तालुक्यात उर्वरित महाराष्ट्राप्रमाणेच तीन मते आढळतात : आईने ग्रहण पाळले नाही म्हणून हा दोष आला, तो मालिशीने जाईल, आणि न गेल्यास मूल मोठे झाल्यावर शस्त्रक्रिया करता येईल.

ग्रहण सर्वच गरोदर स्त्रियांना सारखे लागते. हा दोष मात्र साधारणतः हजारात एका बालकाला असतो आणि मुलींपेक्षा मुलग्यांत सुमारे दुपटीने आढळतो. ग्रहण असा भेद का करते, याचे उत्तर पहिल्या मताकडे नाही. बहुतेक बालकांत नेमके कारण सापडत नसले, तरी आनुवंशिकतेचा वाटा दिसतो. आईला बोल लावण्यास त्यात आधार नाही.

दुसऱ्या मतामागचा अनुभव खोटा नसतो, त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतो. गर्भाशयातील ठेवणीमुळे नुसतेच वळलेले पाऊल हाताने हलकेच सरळ होते व पुढे बहुधा आपोआप सुधारते. त्याचे श्रेय तेलाला मिळते. खऱ्या वाकड्या पावलात टाचेमागची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा, आखडलेली असते आणि ती मालिशीला दाद देत नाही.

तिसरे मत सर्वांत घातक आहे, कारण नवजात बालकाचे सांधे व अस्थिबंध जितके लवचीक असतात तितके ते पुढे राहत नाहीत. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात इग्नासिओ पोन्सेटी यांनी विकसित केलेल्या पद्धतीत दर आठवड्याला पाऊल थोडे वळवून बोटांपासून मांडीपर्यंत प्लॅस्टर घालतात. अशी पाच ते सात प्लॅस्टरे झाल्यावर बहुतेक बालकांत कंडरेला लहानसा छेद देऊन शेवटचे प्लॅस्टर तीन आठवडे ठेवतात. उलट, उशिरा केलेल्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पाऊल ताठर व दुखरे राहण्याचा धोका असतो.

तथापि प्लॅस्टर निघाले म्हणजे उपचार संपला, असे मानणेही चूक ठरेल. दांडीने जोडलेले बूट आधी तीन महिने जवळजवळ दिवसभर आणि नंतर चार-पाच वर्षांपर्यंत झोपेत वापरावे लागतात. ते सुटले की दोष उलटतो. शिरोळच्या उसाच्या फडात मराठवाड्यातून आलेल्या तोडणी मजूर जोडप्याला दर आठवड्याला दवाखाना गाठायचा तर त्या दिवसाच्या खाड्याचा भुर्दंड सोसावा लागतो, आणि हंगाम संपताच बिऱ्हाड गावी परतते. अशा कुटुंबाला निष्काळजी म्हणणे अन्यायाचे आहे.

पालघर येथे फेब्रुवारी 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या दोषाचा समावेश आहे आणि अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी अपेक्षित आहे. परंतु ज्या उपचाराची गती आठवड्यांत मोजली जाते, त्याला सहामाही तपासणी पुरत नाही. आशा कार्यकर्तीने बाळंतिणीच्या घरी पहिल्याच भेटीत पावले पाहावीत, प्लॅस्टर कोल्हापूरपेक्षा जवळच्या मिरजेत घेण्याची सोय व्हावी, आणि उपचाराची नोंद कुटुंबासोबत पुढच्या जिल्ह्यात जावी. निदान वेळेत होऊनही मूल लंगडत राहिले, तर तो दोष पावलाचा नव्हे, व्यवस्थेचा मानला पाहिजे.