लायटरच्या बुडाशी काय लिहिले आहे?

आमच्या घरी कपाटाच्या वरच्या खणात एक जुना पितळी लायटर आहे. तो माझ्या थोरल्या काकांचा. काकांना सिगारेटचे व्यसन होते आणि फुप्फुसाच्या कर्करोगाने ते गेले. दिवस झाल्यावर काकू म्हणाली, "ते मेलं टाकून दे कुठंतरी. माझ्या नजरेसमोर नको." मी तो टाकला नाही, पण एका अर्थी त्याहून वाईट केले. तेव्हा मी नववीत होतो. लायटर काळपट पडला होता, म्हणून आधी चिंच लावून आणि मग पॉलिश पेपरने घासघासून मी तो असा लख्ख केला, की त्यात तोंड दिसावे. बुडाशी काही पुसट अक्षरे आणि एक शिक्का होता. त्या घासण्यात तोही गेला. हा लायटर कोणी केला, कुठे केला, कोणत्या साली केला, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर आज मला देता येत नाही.

जुने लायटर जमवण्याचा छंद अनेक देशांत आहे. आपल्याकडेही पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईचा चोरबाजार येथे असे लायटर शोधत फिरणारी मंडळी भेटतात. हा छंद चांगला की वाईट, याबद्दल शिक्षकांत दोन मते असणे स्वाभाविक आहे. माझे मत स्पष्टच सांगतो. सिगारेट वाईट आहे म्हणून लायटर फेकून देणे ही चूक आहे. आणि चकाकतो म्हणून किंवा महाग आहे म्हणून तो जमवणे हीही तितकीच मोठी चूक आहे. जुना लायटर जपायचा तो त्याच्या आत कोणाची बुद्धी आहे हे कळावे म्हणून. ज्या लायटरच्या कर्त्याचा पत्ता नाही आणि ज्याची कुठे नोंद नाही, तो कितीही सुंदर असला तरी माझ्या लेखी भंगारच; आणि हे मी माझ्याच लायटरबद्दल बोलतो आहे.

आता त्याच्या आत काय असते ते पाहू. लायटरच्या दातेरी चाकाखाली एक बारीक खडा असतो. इंग्रजीत त्याला 'फ्लिंट' म्हणजे गारगोटी म्हणतात. पण ती गारगोटी नव्हेच! आपल्या खेड्यापाड्यांतून पूर्वी चकमक वापरत. पोलादाचा तुकडा गारगोटीवर घासला की ठिणगी पडे आणि ती सावरीच्या कापसावर झेलीत. ही ठिणगी कशाची, हे रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने पांढऱ्या कागदावर ठिणग्या पाडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि १६६५ साली प्रसिद्ध केलेल्या 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथात लिहून ठेवले. त्याला दिसले ते पोलादाचे वितळून गोल झालेले कण. म्हणजे चकमकीत गारगोटी फक्त खरवडते; जळते ते पोलाद. लायटरमध्ये नेमका उलटा प्रकार आहे. तिथे खरवडणारे चाक पोलादाचे असते आणि जळतो तो खडा. नाव गारगोटीचे, पण काम पोलादाचे!

हा खडा तयार केला ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख याने. बन्सन बर्नर तुम्ही प्रयोगशाळेत पाहिला असेल. त्या बन्सनचा हा विद्यार्थी. गॅसबत्तीचे जाळीदार मँटल याचेच. लग्नाच्या वरातीत डोक्यावर गॅसबत्त्या घेऊन चालणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांनी आउअरचे संशोधन पाहिले आहे. मँटलसाठी थोरियम लागे. सुधारलेल्या मँटलमध्ये थोरियमचा ऑक्साइड ९९ टक्के आणि सेरियमचा अवघा १ टक्का. थोरियम मिळे मोनाझाइट नावाच्या वाळूतून. परंतु या वाळूत थोरियमच्या कितीतरी पट सेरियम, लँथॅनम आणि त्यांची भावंडे असतात. थोरियम काढून घेतले की या बाकीच्या धातूंच्या क्षारांचे ढीग कारखान्यात साचू लागले. त्यांचे करायचे काय?

सेरियम हवेत सहज पेट घेतो, पण तो मऊ आहे. आउअरने या धातूंच्या मिश्रणात सुमारे ३० टक्के लोखंड मिसळले, तेव्हा कठीण आणि ठिसूळ असा मिश्रधातू तयार झाला. ठिसूळपणामुळे चाकाने खरवडताच त्याचे बारीक कण सुटतात, घर्षणाच्या उष्णतेने पेट घेतात आणि वातीवर पडतात. १९०३ साली त्याने याचे पेटंट घेतले. लायटरचा जन्म असा कचऱ्यातून झाला. यात आपलाही एक धागा आहे. १९०९ साली शोमबर्ग या जर्मन रसायनतज्ज्ञाला तेव्हाच्या त्रावणकोर संस्थानात मनवलकुरिची येथील किनाऱ्यावर मोनाझाइट सापडले आणि मग ती वाळू तेथून परदेशी जाऊ लागली. हे गाव आज तामिळनाडूत कन्याकुमारी जिल्ह्यात आहे. हे समजल्यापासून कोणताही जुना युरोपीय लायटर हातात आला, की याच्या खड्यात आपल्या किनाऱ्याची वाळू असेल का, असा विचार माझ्या मनात येतोच.

खड्याच्या आधीही लायटर होते, आणि त्यांतल्या एकाचा कर्ता दहावीच्या विद्यार्थ्यांच्या ओळखीचा आहे. 'डोबेरायनरची त्रिके' पाठ करताना कंटाळा येतो ना? त्याच डोबेरायनरने १८२३ साली जर्मनीत येना येथे एक दिवा केला. जस्तावर सौम्य गंधकाम्ल पडले की हायड्रोजन निघतो. त्याचा झोत सच्छिद्र प्लॅटिनमवर सोडला की काडी न ओढता तो पेटतो. तोटी बंद करताच साचलेला हायड्रोजन आम्लाला जस्तापासून दूर ढकलतो आणि क्रिया आपोआप थांबते. उत्प्रेरकाचा हा घरगुती उपयोग. आणि उत्प्रेरण हा शब्द बर्झेलियसने वापरात आणला तो १८३५ साली. डोबेरायनरने या दिव्याचे पेटंट घेतले नाही.

संग्राहक बहुधा सोन्याच्या मुलाम्याचे, लंडन-पॅरिसचे लायटर शोधतात. मला विचाराल तर विद्यार्थ्याने व्हिएन्नाच्या इम्को कंपनीचा साधा पत्र्याचा लायटर शोधावा. ही कंपनी मुळात लष्कराच्या गणवेशाची बटणे करणारी. पहिले महायुद्ध १९१८ मध्ये संपले, ऑस्ट्रियाचे साम्राज्य मोडले, मग बटणे कोणाला विकणार? पत्रा कापायची आणि दाबायची यंत्रे मात्र हाताशी होती. त्या यंत्रांवर लायटर निघू लागले, आणि ते २०१२ पर्यंत निघत राहिले. इम्कोचा लायटर नीट पाहा: दुमडलेला पत्रा, दोन-चार स्प्रिंगा, आणि ओढून बाहेर काढता येणारी टाकी, जी मेणबत्तीसारखी धरता येते. हत्याराशिवाय तो खोलता येतो. यंत्ररचनेचा असा पाठ सोन्याच्या लायटरात मिळत नाही. काही कंपन्या अलीकडे खास संग्राहकांसाठी चित्रे छापून 'मर्यादित संख्येचे' लायटर काढतात. ते जमवण्यापेक्षा बसची तिकिटे जमवलेली बरी. तिकिटावर निदान प्रवासाची हकिकत तरी असते.

आता बुडाच्या शिक्क्याकडे येऊ. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील ब्रॅडफर्ड या गावी जॉर्ज ब्लेझडेल याने १९३२ साली झिप्पो कंपनी काढली. त्यानेही एका ऑस्ट्रियन लायटरवरूनच आपली रचना बेतली. बिघडलेला लायटर कधीही पाठवा, फुकट दुरुस्त करून देऊ, असे त्याचे वचन होते. परत आलेला लायटर कोणत्या सालचा हे कारखान्याला कळावे म्हणून पुढे बुडाशी खुणा उमटवू लागले. १९६६ पासून उभ्या रेघा, १९७४ पासून तिरप्या, १९८२ पासून उलट्या दिशेने तिरप्या. आणि बहुधा दर वर्षी एक रेघ कमी. कारखान्याच्या सोयीची ही खूण पुढे खोटे पकडायला उपयोगी पडली. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन सैनिक आपल्या लायटरवर गावाचे नाव, साल, काही मजकूर कोरून घेत. युद्ध संपल्यावर तसेच कोरलेले नकली लायटर पर्यटकांना विकण्याचा धंदा निघाला. समजा, एखाद्यावर 'साइगाँव १९६८' असे कोरले आहे आणि बुडाशी तिरप्या रेघा आहेत. अमेरिकन फौजा तर १९७३ मध्येच परतल्या होत्या. मग १९७४ नंतर बनलेला डबा १९६८ साली सैनिकाच्या खिशात कसा असेल? मात्र येथे एक सावधगिरी हवी. दुरुस्तीत आतला भाग बदललेला असू शकतो, त्यामुळे साल ठरवायचे ते बाहेरच्या डब्यावरून. असा तर्क करायला शिकवणारी दुसरी स्वस्त वस्तू मला चटकन आठवत नाही. आणि पॉलिश पेपर हातात घेतला की हे सारे पाच मिनिटांत पुसले जाते.

लायटर आणि काडेपेटी यांचे भांडणही नोंदण्याजोगे आहे. हिंदुस्थानात १९३४ साली काडेपेट्यांवर उत्पादन शुल्क बसले, तेव्हा लोक लायटरकडे वळू नयेत म्हणून की काय, त्याच वर्षी यांत्रिक लायटरवरील शुल्काचाही वेगळा कायदा झाला. आणि जून २०२३ मध्ये भारत सरकारने २० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या लायटरच्या आयातीवर बंदी घातली. मागणी होती ती तामिळनाडूतील काडेपेटी उद्योगाची. नव्वद वर्षांनीही भांडण तेच!

"पण सर, मुलांच्या हातात लायटर दिला की उद्या सिगारेट येईल," असे मला एका शिक्षिकेने विचारले होते. ही शंका मी हसण्यावारी नेत नाही. माझ्या घरात तिचे उत्तर भोगून झाले आहे. लायटर बनवणाऱ्यांनी धूम्रपान ऐटीचे वाटावे म्हणून या वस्तू देखण्या केल्या, हे खरे आहे. तेही नोंदीत लिहावे. लपवून ठेवलेल्या वस्तूचे आकर्षण वाढते. उघडून, सुटी करून टेबलावर मांडलेल्या लायटरात ऐट फारशी उरत नाही. तरी नियम कडक हवेत. लायटर रिकामाच हवा; पेट्रोल किंवा गॅस भरलेला शाळेत आणू नये आणि पेटवून दाखवण्याचा मोह कोणी धरू नये. जुना खडा हवेने फुगून नळीत अडकतो. तो टोकरून काढू नये, शिक्षकांना दाखवावा. सुरुवात तर स्वयंपाकघरातल्या बिघडलेल्या गॅस लायटरपासूनच करावी. त्यात इंधन नाही, खडाही नाही. स्प्रिंगची हातोडी एका स्फटिकावर आदळते, हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो आणि फटीतून ठिणगी उडते. दाबाने वीज निर्माण करण्याचा हा गुण झाक आणि पिएर क्यूरी या भावांनी १८८० मध्ये शोधला होता. स्फटिक मात्र फोडू नये, त्यात शिसे असते.

वहीत प्रत्येक लायटरला एक पान द्यावे. कोठे मिळाला, कोणी वापरला, बुडाशी काय आहे, ठिणगी कशाची, इंधन कोणते, कोणता भाग बदललेला दिसतो. कोरड्या मऊ फडक्यापलीकडे त्याला काही लावू नये. माझ्या वहीतले पहिले पान काकांच्या लायटरचे आहे. खडा चाकाचा, वात कापसाची, धातू पितळ, आत निकेलच्या मुलाम्याचे अवशेष. वापरणाऱ्याचे नाव लिहिले आहे, मृत्यूचे कारणही लिहिले आहे. ते काकूला विचारून लिहिले. 'कर्ता' या शब्दापुढची जागा कोरी आहे, आणि ती का कोरी आहे हेही खाली लिहून ठेवले आहे.