विश्लेषण : नकाशांचे सॉफ्टवेअर मोफत, मग घोडे अडते कुठे?

भूगोल, कृषी, पाणलोट, नगररचना... या विषयांच्या विद्यार्थ्यांना आता संगणकावर नकाशे करता यावे लागतात. त्यासाठीचे व्यावसायिक सॉफ्टवेअर महाग, म्हणून त्याची चोरीची प्रत पेनड्राइव्हवरून फिरते. ‘क्यूजीआयएस’ हा मोफत आणि कायदेशीर पर्याय असतानाही हे घडते. कारण अडचण पैशांची कमी आणि पहिल्या तासाची जास्त आहे.

क्यूजीआयएस म्हणजे काय?
गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये अलास्कात हा मुक्त-स्रोत प्रकल्प सुरू केला. आवृत्ती १.० आली २००९ मध्ये. उपग्रहचित्र, गावाची हद्द, ओढे, विहिरी असे थर एकावर एक ठेवून त्यात अंतर, क्षेत्रफळ, उतार काढता येतो. त्याचा जीपीएल परवाना सांगतो, की कितीही संगणकांवर टाका, वापरा, वाटा.

कोणती फाइल घ्यायची?
फाइल फक्त क्यूजीआयएसच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी. डाउनलोडआधी देणगीचे आवाहन दिसते. ते ऐच्छिक आहे, पण ‘पैसे मागतात’ असे समजून अनेक जण तिथूनच परत फिरू शकतात. पुढे दोन आवृत्त्या दिसतात, अगदी ताजी आणि दीर्घकाळ पाठबळ असलेली (एलटीआर). शिकणाऱ्याने दुसरी घ्यावी, ती अधिक स्थिर असते. विंडोज ६४-बिट हवे. फाइल एक जीबीच्या घरात किंवा त्याहून मोठी असते, त्यामुळे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवसाचा डेटा संपू शकतो. मात्र एकाने उतरवून वर्गभर पेनड्राइव्हवर वाटली, तरी त्यात बेकायदा काहीच नाही!

सुरू केल्यावर पडदा कोरा का?
पहिल्यांदा सुरू व्हायला वेळ लागतो. पुनःपुन्हा क्लिक केल्यास एकाच वेळी अनेक खिडक्या उघडतात. नंतर दिसतो पांढरा पडदा. हा बिघाड नाही, अजून थर घातलेला नाही इतकेच. डावीकडच्या ब्राउझर पॅनेलमधील ‘एक्सवायझेड टाइल्स’खालच्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’वर दोनदा क्लिक केले, की इंटरनेट असल्यास जगाचा नकाशा उमटतो.

मोजमाप करण्याआधी निर्देशांक प्रणाली तपासावी. ७८ अंश पूर्व रेखांशामुळे महाराष्ट्र यूटीएमच्या दोन पट्ट्यांत विभागला जातो. पुणे ४३ व्या पट्ट्यात, नागपूर ४४ व्या. चुकीचा पट्टा निवडला तर शेताच्या क्षेत्रफळात चूक शिरते.

हे मोबाइलवर चालेल का?
संगणकावर केलेला प्रकल्प ‘क्यूफील्ड’ या ॲपमधून अँड्रॉइड फोनवर नेऊन शिवारात नोंदी घेता येतात. पण मूळ बांधणी संगणकावरच होते.

मग करायचे काय?
विद्यापीठांनी पहिले प्रात्यक्षिकच ‘सॉफ्टवेअर टाका आणि सुरू करा’ असे ठेवावे आणि त्याला गुणही द्यावेत. प्रयोगशाळेतील संगणकांचा ॲडमिन पासवर्ड एकाच कर्मचाऱ्याकडे असेल, तर विद्यार्थ्याने कितीही उत्साह दाखवला तरी उपयोग नाही. सत्र सुरू होण्याआधीच सगळीकडे एकच एलटीआर आवृत्ती टाकून ठेवावी. आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ आणि ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमांचे शिक्षणसाहित्य मोफत आहे, त्याचा वापर करावा.

‘नोकरीत तर महागडेच सॉफ्टवेअर मागतात’ हा आक्षेप काही ठिकाणी खराही आहे. पण थर, प्रक्षेपण, हद्द आखणे या संकल्पना दोन्हीकडे त्याच असतात आणि शेपफाइलही दोन्हीकडे उघडते. चोरीच्या प्रतीसोबत मात्र व्हायरस येण्याचा धोका असतो. शिवाय ती वापरून केलेले काम उद्या कार्यालयात उजळ माथ्याने दाखवता येत नाही. तालुक्याच्या महाविद्यालयातल्या मुलीला स्वतःच्या गावाचा नकाशा करायचा असेल, तर तिच्यासाठी परवान्याचा खर्च शून्य आहे. तिला हवा आहे तो शिकवणाऱ्याचा एक तास. तो देणे महाविद्यालयांच्या हातात आहे.