दीड रुपयाचा ब्लॉक आणि लाखांच्या वावड्या

१/ चाकण म्हटले की इतिहासप्रेमींना संग्रामदुर्ग आठवतो, १६६० साली शाइस्ताखानाच्या वेढ्याशी झुंजलेला फिरंगोजी नरसाळा आठवतो. त्याच चाकणच्या परिसरात आता कारखान्यांभोवती वस्ती वाढते आहे आणि जुनी घरे उतरवली जात आहेत. अशा घरातल्या ट्रंकेत कोऱ्या टपाल तिकिटांची अखंड शीट किंवा न फाडलेला ब्लॉक निघाला, की मोबाइलवर ठरलेले वाक्य येते: ‘जुने आहे, लाखांत जाईल.’ हे वाक्य इतिहासाचे नव्हे, लॉटरीचे आहे.

२/ १९६१ साली छत्रपती शिवाजी महाराजांचे १५ नव्या पैशांचे तिकीट निघाले. त्याच्या दहा तिकिटांच्या ब्लॉकचे दर्शनी मूल्य दीड रुपया. साठ वर्षे लोटली म्हणून त्या दीड रुपयाचे लाख होत नाहीत. स्वातंत्र्यानंतरची बहुतेक स्मारक तिकिटे मोठ्या संख्येने छापली गेली, आणि ‘पुढे भाव येईल’ या आशेने अनेकांनी ती कोरीच जपली. सर्वांनी जपलेली वस्तू दुर्मीळ कशी होणार?

३/ यावर हमखास पुढे केला जाणारा दाखला म्हणजे गांधीजींचे तिकीट. १५ ऑगस्ट १९४८ रोजी दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये अशी चार तिकिटे निघाली, छपाई स्वित्झर्लंडची. त्यांतील दहा रुपयांच्या अवघ्या १०० तिकिटांवर गव्हर्नर-जनरलांच्या कार्यालयासाठी ‘सर्व्हिस’ अशी अधिमुद्रा उमटवली गेली. या शंभरांतल्या चार तिकिटांची अखंड पट्टी २०१७ साली ब्रिटनमध्ये ५ लाख पौंडांना विकली गेली. ही बातमी दाखवून दीड आण्याच्या ब्लॉकला तोच भाव मागणे म्हणजे शुद्ध अडाणीपणा. साम्य एवढेच, की दोन्हींवर गांधीजी आहेत.

४/ कॅटलॉगमधला आकडाही असाच फसवा. तो सामान्यतः निर्दोष प्रतीच्या विक्रीचा असतो. घरातून विकणाऱ्याच्या हाती त्याहून बरेच कमी पडते. त्यातही मागचा मूळ डिंक शाबूत हवा. मावळच्या अंगाने येणारा पाऊस आणि बंद ट्रंक यांनी डिंक ओलावतो, तावाला ताव चिकटतो, तांबूस डाग पडतात.

५/ खरा संताप यावा तो पुढच्या कृतीवर. लाख मिळत नाहीत हे कळताच शीट सुटी केली जाते, ‘नीट दिसावी’ म्हणून कडेची पांढरी पट्टी कापली जाते. त्या समासातच तावाचा क्रमांक, रंगांचे ठिपके, छपाईच्या खुणा असू शकतात. तिकीट तावावर नेमके कुठे होते, छपाईतला दोष कोणत्या जागी पुन्हा पुन्हा आला, हे अखंड तावावरूनच उलगडते. शिवकालीन पत्राचे मोर्तब कापून उरलेला कागद कोणी अभ्यासकाला दिला, तर हेच इतिहासप्रेमी त्याला फैलावर घेतील. मग तिकिटांच्या समासावर कात्री चालताना ते गप्प का?

६/ अशी शीट हाती आली तर ती दुमडू नये, लॅमिनेट करू नये, चिकटपट्टी लावू नये. दोन्ही बाजूंचे छायाचित्र समासासकट घ्यावे, आणि ती कोणत्या घरातून, कोणत्या कागदांसोबत निघाली ते त्याच दिवशी लिहून ठेवावे. भाव त्यानंतर विचारावा.