मनूचा आठव्या वर्षाचा नियम अजून आपल्या घरात

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात एक नियम आहे. बायकोला मूल होत नसेल तर आठव्या वर्षी नवऱ्याने दुसरी करावी, नुसत्या मुलीच होत असतील तर अकराव्या वर्षी. 25 डिसेंबर 1927 ला महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हा ग्रंथ जाळला गेला. तो दिवस आपण दरवर्षी पाळतो. पण आपल्याच वस्तीत लग्नाला तीन वर्षं होऊन पाळणा हलला नाही की सासू, नणंद, भावकी काय बोलते ते जरा ऐका. मनूने निदान आठ वर्षं तरी दिली होती!

ही बाई हळूहळू आत मिटत जाते. झोप लागत नाही, जेवण जात नाही, दर महिन्याला पाळी आली की घरात कुणी वारल्यासारखी बसून राहते. नामकरणाला, डोहाळजेवणाला जाणं टाळते. लोक म्हणतात, जळते. याला नैराश्य म्हणतात, तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. पण एवढ्यावर थांबलो तर आपण निम्मंच बोललो. टोमणे, दुसऱ्या लग्नाची धमकी आणि एकटेपणा तसाच ठेवून तिला नुसत्या गोळ्या देऊन काय होणार?

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांपैकी साधारण एकाला आयुष्यात कधीतरी वंध्यत्वाला सामोरं जावं लागतं. त्यातल्या जवळपास निम्म्या जोडप्यांत कारण पुरुषाचं किंवा दोघांचं असतं. वीर्यतपासणी साधी आणि स्वस्त आहे. तरी सोनोग्राफी, नळ्यांची तपासणी, दुर्बीण हे सगळं आधी बाईचं होतं. नवरा 'माझ्यात काही नाही' म्हणून मोकळा. 'वांझोटी' ही शिवी आहे, शुक्रजंतू कमी असलेल्या पुरुषाला तशी शिवी नाही. (ती तयार करा असं मी म्हणत नाही.)

यात जातीचा, गरिबीचा भाग आहेच. गर्भाशयाचा आणि नळ्यांचा क्षयरोग हे आपल्या देशात वंध्यत्वाचं एक मोठं कारण आहे. क्षय दाट वस्तीत, कोंदट खोल्यांत, अर्धपोटी माणसांत फोफावतो. तिथे कोण राहतं, हे सांगायला नको. 2021 च्या प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने क्लिनिकवर जोडप्याच्या समुपदेशनाची जबाबदारी टाकली आहे. पण आयव्हीएफची एक फेरी लाखाच्या घरात जाते. जी बाई त्या दारापर्यंत पोचतच नाही, तिला समुपदेशन कोण देणार? मग ती लपून नवस करते. बावीस प्रतिज्ञांची आठवण देऊन तिला हसणारे कार्यकर्ते मी पाहिलेत. तिला नवसाच्या दारात ढकललं कुणी, हे त्यांनी आधी स्वतःच्या आईला विचारावं.

जोतीराव-सावित्रीबाईंना मूल झालं नाही. दुसऱ्या लग्नाचा दबाव आला, जोतीरावांनी तो साफ नाकारला. काशीबाई या विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला, तो डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगात तो रोगी तपासत होता आणि सावित्रीबाई रोग्यांची सेवा करता करता गेल्या. दोघांचे फोटो आपल्या प्रत्येक विहारात आहेत.

त्याच विहारात महिन्यातून एकदा महिला मंडळाने या बायकांना बोलतं करावं. टेलिमानसचा 14416 हा मोफत नंबर भिंतीवर लावावा, त्यावर मराठीत बोलता येतं. आणि तरुणांनो, मूल होत नसेल तर पहिली तपासणी तुमची करून घ्या, रिपोर्ट आईच्या हातात स्वतः द्या.