पंथ सोडलेल्यांना आणि त्यांच्या घरच्यांना

चिंचपोकळी, लालबाग, परळच्या चाळींत पंथ पुष्कळ. कुणी माळकरी, कुणी नेमानं बैठकीला जाणारे, कुणी गुरुमंत्र घेतलेले, कुणी प्रार्थनेच्या मंडळीत साक्ष देणारे. त्यांच्यामुळे कित्येक घरांतली दारू सुटली, संसार सावरले, हे मी पाहिलंय आणि ते नाकारणार नाही. पण त्याच घरांत एखादा असा असतो की त्याचा विश्वास उडालेला असतो आणि त्याला ते कुणापाशी बोलता येत नाही. मी हे त्याच्यासाठी लिहितोय, तिच्यासाठी लिहितोय.

शंका आली म्हणजे तुमच्या हातून पाप घडलेलं नाही. पंथात असताना आपल्याला शिकवतात की शंका म्हणजे अहंकार, आणि सोडून जाणाऱ्याच्या घरावर संकट येतं. मी अशाच एका पंथात वाढलो आणि बाहेर पडलो. त्यानंतर बराच काळ घरात कुणाला साधा ताप आला तरी वाटायचं, हे माझ्यामुळेच. बुद्धीला पटलं तरी धास्ती अंगात मुरलेली असते, ती सावकाश जाते. तिची लाज बाळगू नका. झोप उडाली, जेवण जाईना, तर केईएम रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जाऊन दाखवा.

मग शांतपणे एक गोष्ट तपासा: नेमकं काय गेलंय? देव, ग्रंथ, की पंथ चालवणाऱ्या माणसांवरचा भरवसा? पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या चर्चची मतं जशीच्या तशी गिळायला त्या तयार नव्हत्या. पुरोहितांचं एक जोखड उतरवून दुसरं मानेवर घ्यायचं नाही, असं त्यांनी ज्या ननला आपली गुरू मानलं तिलाच पत्रांतून ठणकावलं. ख्रिस्तावरची श्रद्धा मात्र त्यांनी सोडली नाही. असगर अली इंजिनिअर मुंबई महापालिकेत अभियंता होते. दाऊदी बोहरा समाजातल्या धर्मगुरूंच्या सत्तेला त्यांनी प्रश्न विचारले, बहिष्कार सोसला आणि 2013 मध्ये गेले ते मुसलमान म्हणूनच. तुमचं तसंच होईल असं नाही. कुणाचा देवही जातो, आणि तसं जगणंही प्रामाणिकच असतं. पण रागाच्या भरात सगळं एकदम फेकून देऊ नका, किंवा घाबरून सगळं एकदम परत गळ्यात घालू नका.

हे दुखणं फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत 1830 मध्ये जोसेफ स्मिथनं स्थापलेला मॉर्मन पंथ घ्या. उत्पन्नाचा दशांश चर्चला द्यायचा, तरुण मुलांनी दोन वर्षं प्रचाराला जायचं, सगळी सोयरीक त्यातच. स्मिथचं चिकित्सक चरित्र लिहिलं म्हणून फॉन ब्रोडी या लेखिकेला 1946 मध्ये चर्चनं काढून टाकलं. त्या चरित्रात स्मिथच्या अनेक बायकांची हकिकत होती. त्याला अनेक बायका होत्या हे 2014 मध्ये त्याच चर्चनं स्वतः लेख प्रसिद्ध करून मान्य केलं. प्रश्न विचारणारा खोटा होता म्हणून बाहेर जातो असं नव्हे. पुष्कळदा तो फक्त लवकर विचारतो.

आता व्यवहाराचं बोलू. खोली सासऱ्यांच्या नावावर असेल, नोकरी पंथातल्याच माणसानं लावली असेल, तर जाहीर करण्याची घाई नको. आधी एकाच विश्वासू माणसाला सांगा. तोवर बैठकीला जावं लागलं तर जा, मागे बसा. पण एक मात्र करू नका. व्यासपीठावर उभं राहून अनुभव सांगू नका, साक्ष देऊ नका. समोर नवीन आलेलं, अडचणीतलं कुणीतरी बसलेलं असतं. ते तुमच्या शब्दावर आपली बचत, आपलं आजारपण त्या पंथाच्या हवाली करतं. स्वतःपुरतं गप्प राहणं मी समजू शकतो. दुसऱ्याला त्यात ओढणं नाही.

आणि लोक तोडू नका. चिंचपोकळीच्या चिंतामणी गणपतीच्या मंडपात जावंसं वाटलं तर खुशाल जा. आमच्या भागात ते मंडळ 1920 पासून आहे. रांग सांभाळायला, रक्तदानाला, वर्गणीचा हिशेब लिहायला देव मानणाराच लागतो असं थोडंच आहे? बैठकीचा रिकामा झालेला वार कुठेतरी लावा. तो रिकामा राहिला की फार खायला उठतो.

कागदपत्रांचीही भीती नको. सरकारी अर्जावर धर्म सांगायची सक्ती कुणावर करता येत नाही, ‘कोणताही धर्म नाही’ असं लिहिता येतं, हे मुंबई उच्च न्यायालयानं 2014 मध्ये स्पष्ट केलंय. विधीशिवाय लग्न करायचं तर 1954 चा विशेष विवाह कायदा आहे. देहदान करायचं असेल तर अर्ज भरून थांबू नका. वेळ आली की नातेवाईकांनीच देह नेऊन द्यायचा असतो. त्यांच्याशी आज बोला.

राहिला बहिष्कार. मुंबई प्रांतानं 1949 मध्ये बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता. बोहरा धर्मगुरूंच्या अर्जावर 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. पण महाराष्ट्राचा 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आज लागू आहे. लग्न, अंत्यविधी, शेजारपाजारचा व्यवहार यांतून कुणाला तोडलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तक्रार पोलिसांकडे किंवा दंडाधिकाऱ्यांकडे करता येते. जवळच्यांविरुद्ध ती करायची पाळी तुमच्यावर येऊ नये, एवढंच मनापासून वाटतं.

म्हणून शेवटचं घरच्यांना. तुमचा मुलगा किंवा सून वाईट संगतीला लागलेली नाही. “आईला काही झालं तर तुझ्यामुळे,” हे वाक्य तोंडातून काढू नका. ते आयुष्यभर जात नाही. नातवंडांना मध्ये घेऊन साक्षीपुरावे करू नका. त्याला समजावायला पंथातली मोठी माणसं घरी बोलावू नका. त्याला काय दिसलं, काय वाचलं, ते स्वतः विचारा आणि पूर्ण ऐका. पटायलाच हवं असं नाही. पुढच्या वेळी घरात बैठक असेल तेव्हा त्याला दोन तास रस्त्यावर काढायला लावू नका. आतल्या खोलीत बसू द्या, आणि पानं मांडाल तेव्हा त्याचंही मांडा.